अनुभव धागा: कागद कापून चित्र करताना

चित्रकलेच्या वर्गासाठी ए४ आकाराचं कातरकाम करायचं तर कागद कोणता, कापायचं कुठून, चिकटवायचं कशानं? मापं आणि कारणं लिहा, नुसतं 'सोपं आहे' नको.

कागदकिडा
एकाच कागदातून कापायच्या एकसंध चित्राला १२० ते १६० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). झेरॉक्सचा ८० जीएसएम कागद बारीक जागी फाटतो. २२०च्या वर एकाच रेषेवरून दोनदा कटरचं पातं फिरवावं लागतं आणि वळणं खडबडीत होतात.

आराखडा आधी काळा-पांढरा रंगवून बघा. काळं राहणार, पांढरं जाणार. सगळं काळं एकमेकांना जोडलेलंच हवं. बुबुळ सुटं ठेवलंत तर ते गळून पडेल, ते पापणीला जोडा. जोड निदान २ मिमी रुंद. रेखाटन कागदाच्या पाठीवर, उलटं करा, म्हणजे पेन्सिल पुढून दिसत नाही. अक्षरं असतील तर ती उलटी काढायला विसरतात बरेच जण.

धारदार
वरच्याला +१. कापण्याचा क्रम: आतली लहान भोकं आधी, मोठी नंतर, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. भोवतीचा कागद शाबूत असेपर्यंत पातळ भाग हलत नाहीत. कोपऱ्यात पातं टोचायचं आणि तिथून बाहेर ओढायचं, मग दुसऱ्या बाजूनं पुन्हा त्याच कोपऱ्यातून. तुकडा अडकला तर ओढू नका, हमखास कोपरा फाटतो, परत कापा. वळणावर हात नाही, कागद फिरवा.

कडेला लव दिसायला लागली की धार गेली. पात्याचं टोक पक्कडीनं मोडा, बोटांनी नाही. सरळ रेषेला स्टीलची पट्टी. प्लॅस्टिकच्या पट्टीत पातं घुसतं. दुसरा हात पात्याच्या वाटेत ठेवू नका. लहान मुलांच्या हाती बोथट टोकाची कात्रीच द्या.

घडीवाली
कात्रीनं करायचं तर कागद पातळच घ्या, इथे ८० जीएसएम उत्तम. तीन घड्या, आठ थर, बस्स. चौथ्या घडीला आतले थर सरकतात आणि उघडल्यावर नक्षी लहानमोठी निघते. घडीची कड सलग कापली की सगळं सुटं होतं; मध्ये मध्ये सोडत जा.

चिकटपणा नको
गोंदाकडे कुणी बघतच नाही, आणि काम तिथेच बिघडतं. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, कागद फुगतो, वाळताना सुरकुततो. ग्लू स्टिक घासली की नाजूक रेषा तिच्याबरोबर ओढली जाते. दातकोरणीनं टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्या, दोन-तीन सेंटिमीटरवर एक. वर बटर पेपर, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर.

थरावर थर
गोंदच का? २ मिमी जाडीची फोम टेप लावा, सावली पडते आणि चित्राला खोली येते. टेप कडेपासून ५ मिमी आत हवी, नाहीतर तिरकं बघितल्यावर दिसते. ३ मिमीच्या रेषांना मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे ठिपकेच.

तुटलेल्या जोडाला मागून त्याच कागदाची बारीक पट्टी लावा. पुढून टेप लावली तर ती चमकते.

रंगारी
कागद स्वतः रंगवणार असाल तर जलरंगानं तो गुंडाळतो. वाळल्यावर पाठीवरून ओला ब्रश हलकेच फिरवा, दाबून वाळवा, मगच कापायला घ्या.