विषय: श्रमपरिहाराचं जेवण, व्हाइटचॅपेल (लंडन)

नमस्कार मंडळी,
गणपतीचा श्रमपरिहार यंदाही व्हाइटचॅपेलच्या नेहमीच्या बांगलादेशी हॉटेलात. अनंत चतुर्दशीला लागून पितृपक्ष, त्याला लागून नवरात्र, म्हणून दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार धरलाय, संध्याकाळी 7. नावं 24 : मांसाहारी 15, शाकाहारी 9. स्लाऊकडच्यांना एलिझाबेथ लाइनची रेल्वे थेट आहे, गाड्या आणू नका. हॉटेलवाल्यांना बुधवारपर्यंत पदार्थ कळवायचेत. जाणकारांनी बोला.
– कार्यवाह

*

कार्यवाह,
आधी वार बदला. शनिवार पाळणारे त्या 15 मध्येच मोजले गेलेत. रविवार घ्या, स्वयंपाकघरावरही गर्दी कमी असते.

आता पदार्थ. छापील मेन्यूतलं टिक्का मसाला, बाल्टी वगैरे मागवायला तिथे जायचं काही कारण नाही. तो तयार ग्रेव्हीतून निघणारा माल आहे. ही माणसं बांगलादेशातल्या सिलहटची, घरी जे रांधतात ते मागा.

काच्ची बिर्याणी किमान दोन दिवस आधी सांगावी लागते. कच्चं मटण दह्या-मसाल्यात मुरवून, त्यावर अर्धवट शिजलेला तांदूळ आणि तळलेले बटाटे रचून, झाकण कणकेने लिंपून दम देतात. मटण तांदळाच्या दुप्पट. 15 जणांना दीड किलो तांदूळ, तीन किलो मटण पुरे, कारण आधी मासा आहे. किलोभराहून कमी तांदळाची करायला सांगू नका, एवढ्याशा पातेल्यात वाफ धरत नाही, खाली करपतं आणि वर मटण वातड राहतं. पातेलं आपण बसल्यावर उघडायला सांगा. उघडून ठेवलं की तूप थिजतं, भात फडफडीत होतो. म्हणजे सात म्हणजे सातच, आपले साडेआठ नव्हेत.

सोबत बोरहानी : दही, पुदिना, हिरवी मिरची, काळं मीठ, भाजलेलं जिरं आणि वाटलेली मोहरी. आपल्या मठ्ठ्याचा तिखट भाऊ. लिटरच्या जगमध्ये पाच ग्लास, सगळ्यांसाठी पाच जग.

शोर्षे इलिश, म्हणजे मोहरीतला हिलसा मासा, मागवाच. किलोच्या वरचे दोन मासे, प्रत्येकी आठ तुकडे. लहान इलिश स्वस्त पडतो पण नुसते काटे. मुलांना पोटाकडचा तुकडा द्या, त्याला ते 'पेटी' म्हणतात. काटे मोठे असतात, दिसतात. पाठीचा तो 'गादा', त्यात केसासारखे काटे भरलेले. इलिश साध्या पांढऱ्या भाताबरोबर खायचा, काच्चीबरोबर नाही. दोन्ही एका ताटात घेतलं तर मोहरी आणि केशर एकमेकांना मारतात. मासा इथे गोठवलेलाच येतो, त्यामुळे ऑक्टोबरात बांगलादेशात 22 दिवस इलिशची मासेमारी बंद असली तरी आपलं अडत नाही. (ती बंदी आश्विन पौर्णिमेच्या सुमारास असते, आपल्या कोजागरीच्या! मासा तेव्हा अंडी घालायला नदीत चढतो.)

शातकोरा घालून केलेलं मांस ही सिलहटची खास चीज. महाळुंगासारखं जाड सालीचं लिंबू, वापरतात ती सालच. नेहमी बीफमध्ये करतात, आपण कोंबडीत मागू. साल जास्त पडली की कडू होतं, म्हणून 'कमी' असं सांगून ठेवा.
– भोजन समिती

*

दादा,
शाकाहारी नऊ जणांचं काय? तिथे 'व्हेज आहे ना?' असं विचारून भागत नाही. मूगडाळीत रोहूचं डोकं असू शकतं, दुधीत चिंगडी म्हणजे कोळंबी, आणि भर्त्यात शुटकी, आपली सुकी मासळी. पदार्थागणिक तीन प्रश्न विचारा : मासा? चिंगडी? शुटकी? 'निरामिष' म्हटलं की मिश्र भाजी येते, पण हॉटेलात तिच्यात कांदा-लसूण असतोच. न खाणाऱ्यांनी आधी सांगा.

माझी यादी : साधा पोलाव, निरामिष, बेगुन भाजा (वांग्याचे तळलेले काप), आलू भर्ता, बेगुन भर्ता, डाळ. बेगुन भर्ता म्हणजे आपलं भरीतच, फक्त फोडणीऐवजी कच्चं मोहरीचं तेल. काप वेगळ्या तेलात तळायला सांगा, नाहीतर त्याच कढईत मासा तळलेला असतो. पनीर मागवू नका, त्यांच्या घरात ते नाही, चव बेतास बात.

नऊ जण एका टेबलावर, भर्त्याच्या वाट्याही वेगळ्या. एकच चमचा सगळीकडे फिरला की सगळी विचारपूस फुकट.

तेहारी (मांस घातलेला भात) आणि काला भुना (काळपट होईपर्यंत परतलेलं मांस) हे न सांगता बीफचेच येतात. 'खाशी' म्हणजे बोकड, 'गोरू' म्हणजे गाय-बैल, एवढे दोन शब्द सगळ्यांनी लक्षात ठेवा.
– ताई

*

ताई, दादा,
वार रविवार पक्का. दोन मुलांच्या फॉर्मवर मोहरीची ॲलर्जी लिहिलीय. ब्रिटनच्या 14 ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत मोहरी आहे, तेव्हा हॉटेलला माहिती द्यावीच लागते. त्या दोघांना इलिश, बोरहानी, दोन्ही भर्ते बंद. त्यांच्यासाठी फिरनी आणि साधा पोलाव आधी बाजूला काढून ठेवायला सांगतो, पण फिरनीतले पिस्ते-बदाम चालतात का ते पालकांनी उद्यापर्यंत कळवा.

बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वर पुन्हा टिप ठेवू नका. तो ऐच्छिक असतो, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून पूर्ण रक्कम कामगारांनाच द्यायचा कायदा आहे. पैसे खात्यात आधी भरा, टेबलावर 24 कार्डं काढायची नाहीत. हॉटेलात दारू मिळत नाही, बाहेरची आणलेलीही चालत नाही.
– खजिनदार

*

एक राहिलं : काच्चीत आलुबुखारा असतो, बीसकट. वाढताना मुलांच्या ताटातला बाजूला काढा. आणि उरलेली काच्ची घरी नेणाऱ्यांनी बटाटे आधी वेगळे करा, फ्रीझरमध्ये ते रवाळ होतात.
– भोजन समिती