‘इंग्रजी येतं’ म्हणजे नेमकं काय येतं?

एडिसन, न्यू जर्सी

आपण मराठीत ‘मला पोहता येतं’ म्हणतो, ‘तिला पुरणपोळी छान येते’ म्हणतो आणि त्याच क्रियापदाने ‘त्याला इंग्रजी येतं’ असंही म्हणतो. हे ‘येणं’ नेमकं कुठून कुठपर्यंत धरायचं?

प्रश्न रिकामपणचा नाही. माझ्या बहिणीचा मुलगा नववीपर्यंत सांगलीला सेमी इंग्रजीत शिकला आणि आता इथल्या हायस्कूलमध्ये दाखल झालाय. नाव घालताना शाळेने घरच्या भाषेबद्दल फॉर्म दिला: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरात कोणती बोलता, वगैरे. तिथे समुपदेशक बाईंनी सहज विचारलं, याला इंग्रजी येतं ना? भाऊजी म्हणाले, उत्तम येतं. ताई म्हणाली, थोडं थोडं. पोरगा गप्प. मला वाटतं तिघांचंही बरोबर होतं, फक्त प्रत्येकाच्या ‘येतं’मध्ये वेगळी गोष्ट होती.

तर मला शब्द हवेत. बोलण्यातले, घरात वापरता येतील असे. ‘प्रावीण्य’ आणि ‘नैपुण्य’ कृपा करून सुचवू नका, ते बक्षीस समारंभात शोभतात.

ठाणे

ताई, आधी व्याकरण बघू. ‘मी इंग्रजी जाणतो’ असं आपण फक्त लेखी म्हणतो. बोलताना ‘मला येतं’. म्हणजे कर्तेपणा आपल्याकडे नाहीच, इंग्रजीच आपल्याकडे येते किंवा येत नाही. त्यामुळे येण्याला अर्धवट अवस्था नाही. ‘येतं’ किंवा ‘येत नाही’, मध्ये फार तर ‘थोडंफार’.

पण शेजारची क्रियापदं बघा. ‘कळतं’ हे ऐकण्याचं आहे: ‘मला इंग्रजी कळतं, पण बोलता येत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात रोज कुणीतरी म्हणतं. ‘समजतं’ त्याच्या एक पायरी खोल, त्यात कारण लागलेलं असतं. ‘वाचून समजतं’ वेगळं, ‘ऐकून समजतं’ वेगळं. ‘जमतं’ म्हणजे घाम गाळून वेळ निभावते. आणि ‘-ता येतं’ लावलं की काम नेमकं होतं: बोलता येतं, लिहिता येतं, भांडता येतं. (शेवटचं मी गमतीने लिहीत नाहीये. दुसऱ्या भाषेत भांडता येणं ही फार वरची पायरी आहे.)

खरी गडबड अशी की आपल्याकडे नुसतं ‘इंग्रजी येतं का?’ विचारलं तर अर्थ होतो ‘बोलता येतं का?’ दहावीला इंग्रजीत पंच्याऐंशी मार्क मिळवणाऱ्या पोरालाही आपण ‘येत नाही’ म्हणतो आणि दोन वाक्यं फाडफाड टाकणाऱ्याला ‘येतं’. ‘फाडफाड’ हे वेगाचं क्रियाविशेषण आहे, पण आपण ते अचूकपणाचं समजून वापरतो.

कऱ्हाड

ठाणेकरांनी मोठ्यांची क्रियापदं दिली. पोराच्या बाजूची आमच्याकडे आहेत. वर्गात बाई भराभरा बोलतात आणि ‘काय करावं सुधरंना’. सुधरणं म्हणजे इथे दुरुस्त होणं नव्हे, सुचणं, डोकं चालणं. दुसरं ‘बुजणं’. नव्या गोठ्यात गाय बुजते तसं नव्या वर्गात पोर बुजतं. त्याला काही येत नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि तिसरा शब्द जपून वापरा: ‘घुमा’. पाहुणे आले की म्हणतात, अमेरिकेला जाऊन घुमा झाला. घुमा हा स्वभाव आहे, बुजणं ही अवस्था. बुजलेलं पोर रुळतं.

मिसिसागा, ओंटारिओ

कऱ्हाडकरांचं बुजणं आणि रुळणं मी उचलतेय. मी इथे हायस्कूलमध्ये नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. नवीन मूल सुरुवातीला काही आठवडे किंवा महिने बोलत नाही, फक्त ऐकतं. आमच्या पेशात याला ‘शांत काळ’ म्हणतात आणि तो अपेक्षित धरतात. पालकांना मी आजवर ‘तो सध्या ऐकतोय’ एवढंच सांगत आले. ‘बुजलाय, रुळेल’ हे कितीतरी नेमकं आहे.

आता मूळ प्रश्न. टोरांटो विद्यापीठातले जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक भेद मांडला, तो आजही आमच्या कामाचा पाया आहे. दोन इंग्रज्या असतात. एक मैदानावरची, डबा खातानाची, बसमधली. समोर माणूस असतो, हातवारे असतात, चेंडू दिसत असतो, त्यामुळे शब्द निसटला तरी अर्थ हातात राहतो. ही साधारण दोन वर्षांत येते. दुसरी पुस्तकातली, निबंधातली, जिथे अर्थाला शब्दांखेरीज आधार नसतो. तिथे त्या भाषेत जन्मलेल्या वर्गमित्रांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. पंधराव्या वर्षी आलेल्याच्या हातात शाळेची तीन-चारच वर्षं उरतात. हिशोब तुम्हीच करा.

सेमी इंग्रजीच्या मुलांची गोष्ट तर उलटीसुलटी असते. गणित-विज्ञान इंग्रजीत झालेलं, त्यामुळे ‘हायपोटेन्यूज’ आणि ‘फोटोसिंथेसिस’ अगदी तोंडावर. पण इतिहास-भूगोल मराठीत. मग इथे इतिहासाचा पेपर समोर येतो: अमुक धोरण ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ यशस्वी झालं? प्रसंग ठाऊक असतात, सनावळी पाठ असते, पण ‘कितपत’ या शब्दावर उत्तर कसं तोलायचं ते त्याने इंग्रजीत कधी केलेलंच नसतं. तिकडे डब्याच्या टेबलावर कुणी विचारतं, ‘यू डाउन?’ म्हणजे येणार का, तयार आहेस का. हा उत्तर देतो, ‘नो, आय ॲम फाइन.’ त्याला वाटतं तब्येत विचारली. त्यांना वाटतं याला यायचं नाहीये. पुन्हा कुणी विचारत नाही.

म्हणजे ताई, तुमच्या भाचरालाही काही इंग्रजी नक्की येतं. बाकीच्यात मैदानातलंही आहे आणि निबंधातलंही. पहिलं पोरं शिकवतील. दुसऱ्यासाठी शिक्षक लागतो.

नागपूर

लहान पोट्टे चार महिन्यांत फर्राटेदार बोलतात. पंधरा म्हणजे उशीर झाला, सरळ सांगा ना.

मिसिसागा, ओंटारिओ

भाऊ, उच्चारापुरतं मान्य. बाकी नाही. हॉलंडमध्ये नव्याने डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीचे महिने बारा ते पंधरा वर्षांची मुलं चिमुरड्यांच्या खूप पुढे होती. कारण सरळ आहे: त्यांना एक भाषा लिहितावाचता येते, वेळ-कारण-तुलना या गोष्टी डोक्यात तयार असतात. मात्र १९८७ मध्ये व्हर्जिनिया कोलियर यांनी अमेरिकेतल्या शाळांचे निकाल पाहिले, तर बारा ते पंधराव्या वर्षी आलेल्यांनाच अभ्यासात बरोबरी गाठणं सर्वांत जड गेलं. शिकण्याचा वेग कमी नव्हता. ते भाषा शिकत असताना वर्ग पुढे चालला होता, आणि दहावी-अकरावीचा वर्ग फार जोरात चालतो.

‘उशीर झाला’ आणि ‘वेळ कमी आहे’ यांत फरक आहे, आणि शब्दचर्चेत तरी तो राखावा.

स्लाउ, इंग्लंड

इकडे तर वेळ अजून कमी. सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा. दहाव्या इयरला आलेल्या मुलाला धड दोन वर्षंही मिळत नाहीत.

मला एक वेगळा शब्द मांडायचाय, सगळ्यांत छोटा: ‘हो’. आपण विचारतो, ‘डबा नाही आणलास?’ उत्तर येतं, ‘हो, नाही आणला.’ आपला होकार प्रश्नातल्या विधानाला असतो: तुम्ही म्हणताय ते बरोबर. इंग्रजीचा होकार-नकार वस्तुस्थितीला असतो. डबा नसेल तर ‘नो’, प्रश्न कसाही विचारा. आमच्या मुलीला शिक्षक विचारायचे, ‘यू हॅवन्ट डन युअर होमवर्क?’ ती प्रामाणिकपणे ‘येस’ म्हणायची, म्हणजे हो, नाही केला. शिक्षकांना वाटायचं केलाय आणि दाखवत नाही. व्याकरणाच्या कुठल्या पुस्तकात हे तिला सापडलं नव्हतं. इथल्या शाळांतला मदतनीस वर्गही ते शिकवत नाही, कारण इंग्रजाला यात शिकवण्यासारखं काही दिसतच नाही.

तसंच ‘डाउट’. शंका विचारायला आपण हात वर करून ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणतो. ते ऐकून सरांना वाटतं, माझ्या सांगण्यावर याचा विश्वास नाही. ‘क्वेश्चन’ म्हणायचं.

ठाणे

वा, स्लाउकर! यात ‘द्या ना’ची भर घाला. आपली विनंती क्रियापदाच्या शेपटीत असते: दे, दे ना, देशील का, द्याल का जरा. ‘कृपया’ आपण पाटीवर लिहितो, तोंडाने म्हणत नाही. हे पोरगं मनात ‘पेन दे ना’ म्हणतं आणि तोंडातून ‘गिव्ह मी पेन’ बाहेर पडतं. ‘ना’ प्रवासात गळला. आता तो उद्धट ठरतो.

पुणे

‘न्यूकमर’साठी ‘नवागत’ हा शब्द रूढ आहे. शाळांत ‘नवागतांचे स्वागत’ कार्यक्रम होतो. चर्चा त्यावर व्हायला हवी.

कऱ्हाड

काका, नवागताचं स्वागत एक दिवस होतं. पुढचं वर्षभर तो ‘नवा’ असतो. ‘नवं आहे अजून’ पुरे.

एडिसन, न्यू जर्सी

सगळ्यांना धन्यवाद. मिसिसागाच्या ताईंचं वाचून मी शाळेत जाऊन माहिती घेतली.

मुलाची चाचणी झाली. इथे विडा नावाची चाचणी वापरतात. (हो, विडा. उचलायचा की चघळायचा ते ज्याने त्याने ठरवावं.) विस्कॉन्सिन विद्यापीठातून ती चालते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार भाग आणि पातळ्या एक ते सहा. आता मजा बघा: दरवर्षीच्या चाचणीत एकूण गुण काढताना वाचणं आणि लिहिणं प्रत्येकी ३५ टक्के धरतात, ऐकणं आणि बोलणं प्रत्येकी १५. म्हणजे ठाणेकरांनी सांगितलेल्या आपल्या ‘येतं’चं माप त्यांच्या मापात १५ टक्के. उद्या पोरगा फाडफाड बोलायला लागला की आपण म्हणणार, आता येतं, मग याला अजून ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या वर्गात का बसवतात? उत्तर त्या सत्तर टक्क्यांत आहे.

भाऊजी घरच्या भाषेत ‘इंग्रजी’ लिहायला निघाले होते. आपल्या लोकांत हे सर्रास चालतं, ईएसएल म्हणजे ‘ढ’ मुलांचा वर्ग असा समज करून. त्यांना मी १९७४ चा लाउ विरुद्ध निकल्स हा खटला सांगितला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या जवळपास १,८०० चिनी मुलांना इंग्रजीसाठी कसलीच जादा मदत मिळत नव्हती. शाळेचं म्हणणं, सगळ्यांना सारखीच पुस्तकं, सारखेच शिक्षक देतोय. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही: न कळणाऱ्या भाषेतलं सारखं पुस्तक म्हणजे सारखं शिक्षण नव्हे. ईएसएल हा त्यातून आलेला हक्क आहे. भाऊजींनी ‘मराठी’ लिहिलं. कुरकुरत लिहिलं, पण लिहिलं.

विडाच्या पातळ्यांची नावं एंटरिंग, इमर्जिंग, डेव्हलपिंग, एक्सपांडिंग, ब्रिजिंग, रीचिंग अशी आहेत. ताईला सांगायला मी मराठी केली: शिरतोय, उगवतोय, घडतोय, फैलावतोय, सांधतोय, पोचला. ‘फैलावतोय’ साथीच्या रोगासारखं वाटतं. दुसरं सुचवा.

मिसिसागा, ओंटारिओ

‘विस्तारतोय’ सरकारी होईल. ‘पसरतोय’ म्हटलं तर सोफ्यावर पसरल्यासारखं. ‘ऐसपैस होतोय’ चालेल का? भाषेत अंग मोकळं करता येणं, असाच अर्थ हवा आहे.

आमच्याकडे ओंटारिओत ईएसएलचे पाच कोर्स आहेत, ए ते ई, वयावर नाही तर भाषेवर ठरणारे. दहावीतला मुलगा ए मध्ये असू शकतो. आणि हायस्कूलच्या डिप्लोमाला लागणाऱ्या इंग्रजीच्या चार क्रेडिटपैकी तीनपर्यंत यातून धरता येतात, म्हणजे वेळ फुकट जात नाही. शाळाच फारशी न मिळालेल्या मुलांसाठी ईएलडी ही वेगळी वाट आहे. सांगलीच्या मुलाला तिची गरज नाही, कारण मराठीत त्याचं सगळं शाबूत आहे. ते तसंच राहू द्या. घरी इतिहासाचा धडा मराठीत बोला, ‘कितपत’वर वाद घाला. वाद घालायचा कसा ते एका भाषेत बसलं की दुसरीत न्यायला सोपं जातं.

नागपूर

‘ऐसपैस’ला माझं मत. पण मले सांगा, ‘ॲक्सेंट’ला काय म्हणायचं? ‘हेल’?

ठाणे

हेल फक्त सुराचा. ॲक्सेंटमध्ये व्यंजनंही आली. आपला ‘व’ एकच, त्यांचे दोन. आपला ‘ट’ जीभ वळवून, त्यांचा दातांच्या मागच्या कडेवर. मी ‘ढब’ म्हणेन. बोलण्याची ढब.

एडिसन, न्यू जर्सी

ढब चालेल. फक्त आमच्याकडे अडचण बोलण्याच्या ढबीची नाही, ऐकण्याच्या ढबीची आहे. अमेरिकन ‘वॉटर’ कानाला ‘वॉडर’ लागतो, ‘सिटी’चं ‘सिडी’ होतं. कँटीनमध्ये पाणी हवंय का विचारलं तर याला वाटलं वडा.

कऱ्हाड

मग हो म्हणाला असेल.