कास्टिंगसाठी कंटेनर वीस फुटी की चाळीस फुटी?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून २४ टन कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) निर्यात करायचंय. १.१ बाय १.१ मीटरची २० पॅलेट (माल रचायचे लाकडी पाट), उंची ९० सेंटिमीटर. चाळीस फुटी कंटेनर घ्यावा का?

उत्तर १: नको. कमाल एकूण वजन (कंटेनर अधिक माल) दोन्हींचं बहुधा ३०.४८ टनच, चाळीस फुटी स्वतःच जड, त्यामुळे त्यात वजनानं माल कमी भरता येतो. तो हलक्या, फुगीर मालासाठी. वीस फुटीत तळाला १० पॅलेट, त्यावर १०. मधल्या फटीत लाकडी ठोकळे ठोकाच, नाहीतर वळणावर माल सरकतो.

उत्तर २: भरण्याआधी आत उभं राहून दारं लावून घ्या. उजेड दिसला तर भोक आहे, पाणी शिरेल; कंटेनर परत पाठवा. ओल्या लाकडाची पॅलेटही नकोत, त्या ओलीनंच कास्टिंग गंजतं.

उत्तर ३: भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवणं २०१६ पासून सक्तीचं आहे.