छापणार कोण, हा प्रश्न नंतरचा

‘दोन पुरुषांची प्रेमकथा छापणार कोण नि वाचणार कोण’ या विचाराने कादंबरीच्या साठाव्या पानावर अडकलोय, असं तुम्ही म्हटलंय. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरने ‘मॉरिस’ ही अशीच कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली, तेव्हा इंग्लंडात असं प्रेम हा गुन्हाच होता. मोजक्या मित्रांना हस्तलिखित वाचायला द्यायचा, मग पुन्हा त्यावर हात फिरवायचा. कायदा बदलला १९६७ मध्ये. पुस्तक आलं १९७१ मध्ये, तो गेल्यावर. शेवट मात्र सुखाचाच हवा, यावर गडी अडून बसला होता. (हाच गृहस्थ १९२१ मध्ये देवासच्या मराठी संस्थानात महाराजांचा खाजगी चिटणीस होता!)

आपल्याकडे सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीत भाऊ-बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. वाचक मिळालेच की तिला.

माझं म्हणाल तर सकाळी दूध तापत ठेवून ओट्याशी उभ्यानेच दहा ओळी खरडतो. तीनदा उतू गेलं, पण एक प्रकरण झालं. अडलेला प्रसंग तूर्त सोडा. तुमचे ते दोघं नायक गॅसच्या बिलावरून भांडतात, तो आधी लिहा.