अनुभव सांगा : तुमची कंपनी, तुमची युनियन आणि गेटचं कुलूप

ठाण्यात रिक्षावाल्याला ‘नितीन कंपनी’ किंवा ‘गोल्डन डाइज’ म्हटलं की पुरतं, पुढे पत्ता सांगावा लागत नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली वसाहत आपली वागळे इस्टेट. मागोमाग कळव्यापासून तुर्भ्यापर्यंत केमिकल, औषधं, इंजिनीअरिंगच्या कंपन्या उभ्या राहिल्या. आता जेकेग्राममध्ये टॉवर आहेत आणि महाप्यात आयटी पार्क. लग्नाच्या पंगतीत एक काका हमखास म्हणतात, “युनियनवाल्यांनी धंदा घालवला.” दुसरे लगेच म्हणतात, “मालकाला जमीन विकायची होती.” मतं पुष्कळ ऐकली. तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते लिहा. कंपनीचं नाव नको.

निवृत्त टर्नर, लोकमान्य नगर

मी लागलो तो बदली म्हणून. सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर आत. वर्षात २४० दिवस भरले की परमनंट करावं लागायचं, म्हणून त्याच्या आत ब्रेक द्यायचे. युनियनने मस्टरवरून आमची यादी काढली आणि ती मॅनेजमेंटच्या टेबलावर आपटली, तेव्हा आम्ही कायम झालो. त्या काळी सगळीकडे कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचं वारं होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. आम्ही गिरणीतले नव्हतो, तरी गेट मीटिंगला त्यांच्यासाठी डबा फिरायचा.

करारात पगारवाढ असायची, महागाई भत्ता असायचा आणि साबणाची वडीही असायची. महिन्याला दोन की तीन, यावर तासभर घासाघीस. हसू नका. कटिंग ऑइलने काळे झालेले हात घेऊन लोकलमध्ये उभं राहून बघा.

पण एक सांगतो. नव्वदनंतर भरती थांबली, जुन्या लेथवरच काम रेटलं जात होतं, नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आली ती सिल्वासाच्या प्लांटला. मशीन बदलायचं बंद झालं की समजावं, साहेबांचा इथला मुक्काम संपला. आमची कमिटी तेव्हा बोनसच्या टक्क्यावर अडून बसली होती. मग बोर्डावर नोटीस लागली : व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, सेवेच्या दर वर्षामागे ४५ दिवसांचा पगार. एकेकाला केबिनमध्ये बोलावून चहा पाजायचे. शंभर किंवा जास्त कामगार असतील तर कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. आम्ही शंभराच्या खाली आलो आणि महिन्याभरात गेट बंद. नव्या कामगार संहितेत हीच मर्यादा ३०० केली आहे, म्हणजे आता चहाचाही खर्च वाचला.

माजी वर्कशॉप मालक, रोड नंबर १६

माझ्याकडे युनियन कधी आलीच नाही. आठ-नऊ माणसं, सगळी गावाकडची, दिवाळीला बोनस आणि अडीअडचणीला उचल. तरी शटर खाली ओढावं लागलं. मग ते कुणी ओढलं?

मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करायचो. २००३ मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादन शुल्काची माफी मिळाली, तसे आमचे गिऱ्हाईक बद्दी नि पंतनगरला गेले. मुंबईहून तिकडे बुशसारखे छोटे सुटे भाग पाठवायचं भाडं कोण देणार? जे राहिले ते चार-चार महिने बिल काढत नसत. वरून विजेचा दर. मात्र युनियनला सगळं माफ असं म्हणणार नाही. एका कंपनीत गो-स्लो, म्हणजे मुद्दाम संथ काम, चालू होतं, दोन युनियनच्या आपसातल्या भांडणापायी. मान्यता कुणाला यावर कोर्टात तारखा, आणि माझा माल त्यांच्या स्टोअरमध्ये पडून. त्या वर्षी बायकोचे दागिने पतपेढीत गेले.

शहरात मोकळी जमीन किती ठेवायची यावर मर्यादा घालणारा नागरी कमाल जमीनधारणा कायदा २००७ मध्ये राज्यात रद्द झाला. त्यानंतर ठाण्यात प्लॉटच्या भावापुढे कुठलंच प्रॉडक्ट टिकेना. माझा गाळाही मी विकला, खोटं कशाला बोलू.

घणसोलीकर

आमची भातशेती एमआयडीसीत गेली, बदल्यात बाबांना कंपनीत हेल्परची नोकरी. जमिनी गेलेल्यांसाठी लढणाऱ्या दि. बा. पाटलांच्या सभांना जाणारी माणसं आम्ही, त्यामुळे झेंडा नवा नव्हता. पण युनियनमध्ये घाटावरचे, कोकणातले आणि आम्ही गाववाले असे तीन कंपू. पदं नेहमी बाहेरच्यांकडे. कंपनी बंद झाल्यावर ते हिशेब घेऊन गावी गेले. आमचं गाव तर कंपनीच्या भिंतीलाच लागून.

आता गंमत बघा. त्याच पट्ट्यात आज कंत्राटी माणसं पुरवायचं काम आमच्याच भावकीतल्यांकडे आहे. बाबांना ज्या परमनंट नोकरीसाठी जमीन द्यावी लागली, ती आता कुणाला मिळू नये याची व्यवस्था त्यांचा पुतण्या बघतो. दोघे एकाच ओटीवर बसून जेवतात.

पॅकिंगवाली

औषध कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या भरायचे. लाइनवर सगळ्या बायका, कमिटीत एकही नाही. पाळणाघर होतं, कारण तीसहून जास्त बायका असतील तर कायद्याने ठेवावंच लागायचं. पॅकिंगचं मशीन आलं, पहिली व्हीआरएस आमच्या खात्याला. युनियनचे भाऊ म्हणाले, “ताई, तुमच्या घरी मिस्टर कमावते आहेत ना.” मी म्हटलं, तुमच्याही घरी वहिनी शिवणकाम करतात, मग तुम्ही घ्या.

घ्यावी लागलीच. पैशातून मुलीचं इंजिनीअरिंग झालं. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफमधली, पेन्शन दीड हजाराच्या आसपास येते, त्यात गॅस आणि बीपीच्या गोळ्या. कामगारांना मोफत उपचार मिळवून देणारं ईएसआयचं कार्ड गेलं, त्याची चुटपुट मात्र पगारापेक्षा जास्त लागली. वागळेच्या कामगार हॉस्पिटलात माझी दोन बाळंतपणं झाली.

पावणे, सध्या कामावर

वय २७, आयटीआय फिटर. तुमच्या व्हीआरएसचे किस्से वाचून हेवा वाटतो, आम्हाला नारळसुद्धा मिळत नाही. कंपनी तीच, मशीन तेच, ठेकेदार दर वर्षी नवा. युनियन आहे, पण परमनंटवाल्यांची. कँटीनमध्ये त्यांचं टेबल वेगळं. त्यांच्या करारात आमचं नाव नाही. वर्गणी भरायला आम्ही तयार आहोत, घेणार कोण?

ठाण्यात कामगार कोर्टात वकिली करणारा

पावणेवाल्या भावा, वर्गणीचं नंतर बघू. आधी गेटपासच्या झेरॉक्स, ओव्हरटाइमच्या स्लिपा आणि शिफ्ट लावल्याचे व्हॉट्सअॅप मेसेज घरी ठेव, कंपनीच्या लॉकरमध्ये नको. पीएफचं पासबुक डाउनलोड कर. ठेकेदार बदलला तरी तू तिथेच होतास हे त्यात दिसतं. रोजचं काम कंपनीचा सुपरवायझर सांगतो की ठेकेदाराचा, यावर तू खरा कुणाचा कामगार हे बरंचसं ठरतं, तेव्हा ते मेसेज कुणाच्या नंबरवरून आलेत ते नीट बघ. ठेकेदाराने पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. एकटा येऊ नकोस, तुझ्या शिफ्टचे जेवढे तयार होतील तेवढे घेऊन ये.