नाचणीला खत किती? उंच गावठी आणि बुटकी सुधारित, दोन्हीला एकच डोस चालेल का?

धागाकर्ता: मंडळी, यंदा नाचणीच्या दोन जाती शेजारीशेजारी टाकायच्यात, एक जुनी उंच गावठी आणि दुसरी सुधारित, बुटकी, जाड काडाची. कडेला थोडी वरई पण आहे. जमीन हलकी, सगळं पावसावर, आजवर फक्त शेणखत दिलंय. कुणी म्हणतं एकरी पोतंभर युरिया मारा, कुणी म्हणतं असल्या पिकाला खत लागतच नाही. काय करू?

काळीमाती: दोन्ही टोकं सोडा. नाचणीला साधारण हेक्टरी ६० किलो नत्र (नायट्रोजन) नि ३० किलो स्फुरद (फॉस्फरस) धरतात, पालाश (पोटॅश) माती परीक्षण बघून. म्हणजे एकरी २४ नि १२. युरियात नत्र ४६ टक्के, तेव्हा एकरी ५२ किलो युरिया आणि ७५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. पोतंवाले अगदीच चुकीचं सांगत नाहीत, फक्त एकदम ओतू नका. पण हा डोस बुटक्या जातीचा. गावठीला तेवढं घातलं की पानं काळपट हिरवी, लांब आणि लुळी होतात, बघणारा म्हणतो वा काय पीक आलंय, आणि मग दाणा भरताना कणीस जड झालं की एका वाऱ्यापावसात सगळं आडवं, कणसं मातीला टेकली की दाण्याला कोंभ. गावठीला हेक्टरी ४० किलो नत्राच्या वर मी तरी जाणार नाही.

बांधावरची: काळीमाती दादांशी सहमत. एक भर घालते, नत्राने दाणा काही फार मोठा होत नाही, ते बरंचसं जातीवर असतं. उत्पन्न वाढतं ते मुख्यतः कणीस धरणारे फुटवे (बुंध्यातून निघणाऱ्या जादा काड्या) वाढल्यामुळे. म्हणून निम्मा युरिया पेरताना आणि निम्मा २५-३० दिवसांनी, खुरपणी झाल्यावर. तण न काढता दिलात तर तणच माजेल. स्फुरद मात्र सगळं पेरतानाच, बियाण्याच्या जरा खाली, ते जमिनीत सरकत नाही हो.

धागाकर्ता: आणि ३० व्या दिवशी पाऊसच नसला तर?

बांधावरची: थांबायचं. कोरड्या मातीवर नुसता वर पडलेला युरिया पिकाला मिळत नाही, त्यातला काही अमोनिया होऊन उडूनही जातो. वापसा आला, म्हणजे जमिनीत बेताची ओल आली, की द्या, पण पीक पोटरीत (कणीस पानाच्या आवरणात असताना) आल्यावर देण्यात फार अर्थ नाही, फुटव्यांची वेळ गेलेली असते. पाऊस लांबलाच तर दुसरा हप्ता निम्मा करा किंवा सोडून द्या.

रानभूल: करपा रोग विसरू नका! नत्र जास्त झालं की नाचणीवर करपा बळावतो, कणसाच्या मानेवर आला तर कणीस पोचट. वरईला अजून हात आखडता, हेक्टरी ४० नत्र २० स्फुरद भरपूर झालं, तिचं काड नाजूक. आणि शेणखत चांगलं कुजलेलं असेल तर ते पण हिशेबात धरा की राव.

काळीमाती: शेवटचं, दोन्ही जातींत एकेक पट्टा बिनखताचा, एक निम्म्या डोसाचा नि एक पूर्ण डोसाचा ठेवा. काढणीला दाणा वेगळा तोला, काड वेगळं. गावठीत बहुतेक असं दिसेल की निम्म्यापासून पूर्ण डोसाला जाताना काडच वाढलंय, दाणा जवळपास तिथेच. जनावरं असतील तर तेही वाईट नाही म्हणा.