गाडीचे कंपनी स्पीकर बदललेत का? फसलेले, जमलेले सगळे अनुभव इथे लिहा

गाडी सहा वर्षांची झाली, इंजिन अजून मस्त, पण कंपनीचे स्पीकर म्हणजे कोणीतरी डब्यात तोंड घालून गातंय असा आवाज. शेवटी गेल्या महिन्यात पुढच्या दोन दारांत ६.५ इंची कंपोनंट सेट बसवून घेतला, म्हणजे खाली दारात जाड आवाजाचा वूफर, वर आरशाजवळच्या त्रिकोणात बारीक आवाजाचा ट्वीटर आणि मधे आवाज दोघांत वाटून देणारा क्रॉसओव्हर. फिटिंगवाल्याने अर्ध्या तासात दोन्ही दारं उघडून बंद केली, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. पहिल्या दिवशी वाटलं काय स्वच्छ आवाज, झांजेची किणकिण पण सुटी सुटी ऐकू येतेय. चौथ्या दिवशी लक्षात आलं की बेस आधीपेक्षा कमी झालाय! कमी म्हणजे डग्गा वाजतोय हे कळतं पण तो घुमत नाही.

काढलेले जुने स्पीकर घरी आणलेत. कागदी कोन, प्लास्टिकची बास्केट, मॅग्नेट एवढंसं. नवीन त्याच्या तिप्पट वजनाचे. मग जड माल हलक्यापेक्षा कमी का वाजतोय हे मला कळेना. तर ज्यांनी ज्यांनी हे उद्योग केलेत त्यांनी लिहा, काय बदललं, काय फसलं, काय परत काढून टाकलं. ब्रँडची भांडणं नकोत प्लीज.

---

मागचे स्पीकर बदलू नका एवढंच सांगेन. मी उत्साहात चारही बदलले, आता फेडर (आवाज पुढे-मागे वाटायची सेटिंग) पूर्ण पुढे सरकवून ऐकतो कारण गायक मागच्या सीटवर बसून डोक्यात गातोय असं वाटायचं. मागे पोरं बसली की थोडा मागे घेतो, बस.

---

मी दाराबद्दल लिहिते कारण माझं सगळं शहाणपण तिथेच आलं.

आपण स्पीकर बघतो पण स्पीकरचा डबा कोण? दार. आणि दार कसलं, पातळ पत्रा आणि आतल्या बाजूला हात जाईल एवढी भोकं, त्यावर फक्त एक प्लास्टिकचा कागद. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा मागची हवा उलटी हलते, ती त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारते. आणि मरतो तो नेमका बेसच. माझ्याकडे पण नवीन स्पीकर लावल्यावर हेच झालं होतं. मग एका रविवारी मीच दार उघडलं, गाडीच्या कामाचा अनुभव शून्य, व्हिडिओ बघून. हँडलच्या वाटीखाली एक स्क्रू, आरशामागे एक, आणि मग कडेच्या क्लिपा खटाखट ओढायच्या. तीन तुटल्या. (क्लिपा आधीच जादाच्या आणून ठेवा, तुटणारच.) बाहेरच्या पत्र्यावर आतून टिचकी मारली तर टणण्ण असा पत्र्याच्या पेटीसारखा आवाज. तिथे ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट लावली, ती ॲल्युमिनियमचं अस्तर असलेली काळी चिकट चादर, आणि रोलरने दाबत गेले. आधी पत्रा अल्कोहोलने पुसावा लागतो नाहीतर उन्हात सुटून येते. परत टिचकी मारली तर थप्प. पुस्तकावर मारल्यासारखं. तो एक थप्प ऐकून मला जो आनंद झाला तो नंतर गाणी ऐकूनही झाला नसेल. पूर्ण पत्रा मढवायची गरज नसते, स्पीकरच्या बरोबर मागे आणि मधल्या मोठ्या भागात लावली तरी पुष्कळ फरक पडतो. मग आतल्या पत्र्याची भोकं बंद केली, स्पीकरच्या कडेने फोमची रिंग लावली म्हणजे आवाज ट्रिमच्या (दाराच्या आतल्या प्लास्टिक आवरणाच्या) पोकळीत न शिरता जाळीतून बाहेर येतो. स्पीकर तेच, हेड युनिट (डॅशबोर्डवरचा म्युझिक प्लेयर) तेच, आणि बेस आला.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. अस्तराची कड ब्लेडसारखी असते, हातमोजे घाला, माझ्या अंगठ्याला अजून खूण आहे. दुसरं म्हणजे काही गाड्यांत साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दारातच असतो, तो दारातली हवा अचानक दाबली गेली की धडक ओळखतो. तसा असेल तर त्याच्याशी आणि दाराच्या सीलशी खेळ नको. मॅन्युअल बघा, नाहीतर माहितगाराला विचारा आणि मगच भोकं बुजवा.

---

वरच्या ताईंच्या पोस्टला जोडून. मी इतका मन लावून सील केलं की दाराच्या तळाची पाणी जायची भोकं पण बुजवली 🙈 काचेवरचं पाणी रबरच्या फटीतून दारात उतरतंच आणि तळाच्या भोकांतून निघून जातं हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर वळणावर दारात डुचुक डुचुक. बायको म्हणाली मत्स्यालय केलंस का.

---

माझं पाणी वेगळ्या वाटेने आलं. स्पीकर खोल म्हणून एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाची) स्पेसर रिंग कापून लावली होती, छान गोल वगैरे. वर्षभरात ती फुगून पावासारखी झाली, स्क्रू नुसते फिरायला लागले आणि स्पीकर थरथरायला लागला. एमडीएफ दारात लावायचं तर सगळ्या बाजूंनी रेझिन किंवा ऑइल पेंट पाजून लावा, कापलेल्या कडेला जास्तच. आता प्लास्टिकची रिंग आहे, विषय संपला.

---

काच खाली घेऊन बघितल्याशिवाय स्क्रू आवळू नका. मी आवळले, ट्रिम लावली, हात धुतले, आणि काच अर्ध्यात खट्ट करून मॅग्नेटवर बसली. सगळं परत उघडलं.

---

धागाकर्त्याने वॅटचा विषय काढला नाही पण तो येणारच म्हणून लिहून ठेवतो.

हेड युनिटच्या खोक्यावर '५० × ४' छापलेलं असतं ते विसरा. गाडी चालू असताना जेमतेम १४.४ व्होल्ट मिळतात, आतल्या छोट्या चिपमधून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे १५ ते २० वॅटच जातात, त्यापुढे ती लाट वरून आणि खालून कापायला लागते, त्याला क्लिपिंग म्हणतात. त्यामुळे तुम्ही स्पीकर १०० वॅटचा घेतलात की ६० चा याने वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) नसताना काही फरक पडत नाही, तो आकडा स्पीकर किती सोसेल याचा आहे, किती वाजेल याचा नाही. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. कंपनीचे कागदी स्पीकर दिसायला भिकार असले तरी कोन हलका असतो, थोड्या वॅटमध्येच जोरात वाजतात. नवीन जड रबरी कडेचा स्पीकर ८७ चा आला आणि जुना ९१ चा होता तर त्याच आवाजासाठी अडीच पट वॅट लागणार, ते आणणार कुठून? हेड युनिटवरच चालवायचे असतील तर ९० च्या वरचे शोधा. आणि त्यातही गोम आहे, काही जण आकडा १ वॅटला न देता २.८३ व्होल्टला देतात, ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, म्हणजे ३ डेसिबल फुकटात वाढवून छापले. बारीक अक्षरं वाचत जा.

---

हे वाचून माझं कोडं सुटलं की राव. माझ्या गाडीत 'प्रीमियम साउंड' असं बोधचिन्ह लावलेली कंपनीची सिस्टिम होती, त्यात फक्त स्पीकर बदलले, आणि आवाज दबका झाला. नंतर जुना मल्टिमीटरवर मोजला तर दीडपावणेदोन ओहम दाखवतोय, म्हणजे २ ओहमचा. नवीन ४ चा, त्याच ॲम्पवर निम्मी पॉवर. शिवाय त्या ॲम्पमधलं इक्वलायझेशन (कुठला सूर किती वाढवायचा-कमी करायचा ते) त्याच जुन्या स्पीकरचे दोष झाकायला बसवलेलं, वर आवाज वाढवला की बेस आपोआप कमी करतं म्हणजे स्पीकर फाटू नयेत. मी दोष काढून टाकले आणि औषध तसंच चालू. असली सिस्टिम असेल तर आधी जुन्याचे ओहम मोजा, मग खरेदी.

---

मी उलटा अनुभव सांगतो, चालेल ना? मी कंपनीचे परत लावले.

नवीन सेटचे ट्वीटर धातूच्या घुमटाचे होते आणि काचेजवळ बसवलेले, माझ्या कानापासून दोन वीत. पंधरा मिनिटांत 'स' आणि 'श' कानात टोचायचे. क्रॉसओव्हरच्या डबीवर ट्वीटर ३ डेसिबलने कमी करायचा जंपर (जागा बदलायची छोटी पिन) होता हे मला सहा महिन्यांनी एका माणसाने सांगितलं, तोवर मी सेट विकून मोकळा. पण खरं सांगू का, जुने परत लावल्यावर दाराला डॅम्पिंग केलं, फोनचा ब्लूटूथ आवाज पूर्ण वर ठेवून गाडीचा खाली घेतला, बेस-ट्रेबलची बटणं जी मी कायम टोकाला नेऊन ठेवायचो ती मधे आणली, आणि मला पुरेसं झालं. माझा प्रवास बराचसा हायवेचा, टायरचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा असतो की बारकावे तसेही वाहून जातात. म्हणून बदलू नका असं नाही म्हणत. आधी फुकटचं करून बघा.

---

ॲम्प लावणाऱ्यांसाठी. माझ्या गाडीत ॲम्प लावल्यावर शिट्टी यायला लागली, ऊंऊंऊं अशी, ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा. अल्टरनेटरचा आवाज. फिटिंगवाला म्हणाला फिल्टर लावू, लावला, शिट्टी जराशी कमी आणि आवाजाची रयाच गेली. दुसऱ्याने बघितलं तर ॲम्पची अर्थिंग सीटच्या बोल्टला, बोल्ट रंगावर. त्याने अर्ध्या मीटरच्या आत चेसिसवर जागा शोधली, रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, तिथे आवळली आणि सिग्नलची आरसीए वायर पॉवरच्या वायरपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली. शिट्टी गेली.

आणि हे मी ओरडून सांगतो, बॅटरीवरून येणाऱ्या जाड वायरला फ्यूज बॅटरीजवळच हवा, फूट दीड फुटाच्या आत. ॲम्पवर फ्यूज आहे ना मग कशाला, असं मला पहिल्याने सांगितलं होतं. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्पला वाचवतो. मधली वायर बॉनेटमधून आत येताना पत्र्याला घासून उघडी पडली तर गाडी जळेल, त्याला ॲम्पवरचा फ्यूज काय करणार.

---

पुढचे स्पीकर + ॲम्प असेल तर ८० हर्ट्झला हाय पास लावा, म्हणजे त्याखालचा बेस त्यांच्याकडे जाणारच नाही. दारातल्या ६.५ इंचाकडून ४० हर्ट्झ मागणं म्हणजे बैलाकडून दूध मागणं. खालचं काम सीटखालच्या ८ इंची ॲक्टिव्ह सबला (स्वतःचा ॲम्प असलेल्या बेसच्या स्पीकरला) द्या. मिड एकदम मोकळा होतो, आवाज वर नेला तरी फाटत नाही. आणि डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी डबी) किंवा टाइम अलाइनमेंटवालं (प्रत्येक स्पीकरला थोडा उशीर देता येणारं) हेड युनिट असेल तर ते वापरा हो, लोक विकत घेतात आणि मेनू उघडत नाहीत. आपण एका दाराला चिकटून बसतो, लांबचा स्पीकर साधारण अर्धा मीटर जास्त लांब. ध्वनीला १ मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जाता येतं, म्हणून जवळच्याला साधारण १.५ मिलिसेकंद थांबवायचं. टेप घेऊन कानापासून मोजलं, आकडे टाकले, आणि गायक दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभा राहिला. अंगावर काटा आला होता.

---

धागाकर्ते, अर्ध्या तासात दोन दारं म्हणालात ना? आधी पोलॅरिटी बघा, म्हणजे प्लस-मायनस उलटे जोडले नाहीत ना. कोण्या एका माणसाचा साधा बोलण्याचा आवाज लावा, बॅलन्स मधे. आवाज मधोमध एका जागी यायला हवा, डोक्याभोवती पसरल्यासारखा, कुठून येतोय कळत नाही असा येत असेल तर एक स्पीकर उलटा जोडलाय. मग बेसवालं गाणं लावून बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या. एकटा वाजताना बेस आला आणि मधे आणल्यावर गेला तर शंभर टक्के तेच. एक पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय, बेस एकमेकांत खलास. वायरींच्या रंगावर जाऊ नका, दोन्ही दारांचे रंग वेगळे असतात बऱ्याच गाड्यांत.

---

धागाकर्ता परत हजर. उशीर झाला, दार उघडायला शनिवार उजाडला.

बॅलन्सची टेस्ट गाडीतच केली होती आणि हसावं की रडावं कळेना. एका बाजूला नेलं, डग्गा घुमला. दुसऱ्या बाजूला, घुमला. मधे आणलं, गायब! डावं दार उघडलं. स्पीकरची रुंद पट्टी प्लस आणि अरुंद मायनस असते हे आधी वाचलं होतं, तर वायरी सरळ वाटत होत्या. मग कळलं, मूळ कपलर तोडून त्याने वायरी पिळून टेप गुंडाळलीय, आणि त्या टेपच्या आत अदलाबदल. स्पीकरच्या दोन्ही वायरी मोकळ्या करून घड्याळाचा १.५ व्होल्टचा सेल नुसता टेकवला, सेलची प्लस स्पीकरच्या प्लसला, कोन टुप्प करून बाहेर आला. म्हणजे स्पीकर ठीक, गाडीकडची वायरच उलटी. (ट्वीटरवर हे करू नका म्हणतात, केलं नाही.) टेप सोडून जोड नीट केला, सोल्डर आणि वर श्रिंक ट्यूब. ट्रिम न लावताच गाणं लावलं आणि शेजारचे काका गॅलरीतून डोकावले एवढा बेस.

आता उघडलंच आहे तर ताईंनी सांगितलेली शीट पण लावली, दोन क्लिपा तुटल्या, म्हणजे तुमच्यापेक्षा एक कमी 😄 तळाची भोकं सोडली. काच तीनदा वरखाली केली.

फक्त एक नवीनच. बेस आल्यापासून गाडीत कुठेतरी बारीक टरटर वाजतं. फोनवर २० ते २०० हर्ट्झ चढत जाणारा सूर लावून सगळीकडे हात दाबत फिरलो, ९० च्या आसपास सुरू होतं. मागची नंबर प्लेट नाही, ट्रिम नाही, ग्लोव्ह बॉक्स नाही. आत्ता सापडलं, डोक्यावरच्या डबीत सहा वर्षं पडून असलेला बाबांचा जुना चष्मा.